घोडे कोणी मोजले?

खंडेनवमीच्या दिवशी आमच्या भवानी पेठेत एक वेगळीच शांतता असते. बाहेरगावच्या पाहुण्याला ती कळायची नाही. वर्षभर लुमांच्या खडखडाटात ज्याचे कान तयार झाले, त्यालाच ती ऐकू येते. त्या दिवशी माग थांबतात, त्यांना झेंडूच्या माळा चढतात, पान्या-हातोड्यांना हळदकुंकू लागते आणि एरवी ओरडून बोलणारी माणसे उगीचच हळू बोलू लागतात. मागल्या वर्षी अशाच शांततेत गल्लीच्या तोंडाशी बापलेकांचे भांडण माझ्या कानी पडले. एरवी पडले नसते.

लेक माझा जुना विद्यार्थी. वर्गात गणितात बेताचा; पण शाळेची विजेची घंटा बिघडली की हेडमास्तर त्यालाच हाक मारीत. पुढे त्याने छोटेसे गॅरेज काढले. एका वकिलांच्या वाड्यात धूळ खात पडलेली प्रीमियर पद्मिनी त्याने मोडीच्या भावात आणली आणि आठ महिने खपून तिची शर्यतीची गाडी केली. एंजिनचे हेड घासून घेतले, मोठा कार्बोरेटर बसवला, सायलेन्सर बदलला. रस्त्यावर असली गाडी फिरवायला कायद्याची मनाई आहे, हे त्याला ठाऊक होते. कोइमतूरला कारी मोटर स्पीडवे म्हणून शर्यतीची बंदिस्त वाट आहे. तिथे एकदा आपली पद्मिनी पळवावी एवढीच त्याची हौस. पण हौसेला मोल असते. अण्णांच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या, सात लुमांपैकी दोन त्यापायी विकली गेली होती.

गाडीला माळ घालून झाल्यावर पोरगा म्हणाला, "अण्णा, आता हिच्यात साठ घोडे हायत."

"कोणी मोजले?" अण्णांनी विचारले.

सायलेन्सर विकणाऱ्याने सांगितले होते, एवढेच पोराजवळ उत्तर होते. मग तो म्हणाला, पुण्याला डायनोवर नेऊन मोजून आणतो. डायनो म्हणजे एंजिनाची शक्ती मोजायचे यंत्र. त्याला काही हजार रुपये पडतात. हे ऐकताच अण्णांचा आवाज खंडेनवमी विसरून वर चढला. "गजानं मोजली म्हणून चादर लांब होती काय रे? गुरुजी, तुम्हीच सांगा की ह्याला!"

गुरुजींना त्या क्षणी काही सांगता आले नाही. दोन दिवसांची सवलत मागून मी घरी आलो आणि जुनी पुस्तके काढून बसलो. घोड्यांची ही मोजणी कोणी, का आणि कशी सुरू केली, हे एकदा नीट पाहावे म्हणून. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

तसे पाहिले तर शक्ती मोजण्यात आमच्या शेतकऱ्याला नवल वाटण्याजोगे काही नाही. मोटेत घागरी किती मावतात, विहीर किती पुरुष खोल आहे आणि दिवस मावळेपर्यंत बैलांचे किती फेरे होतात, या तीन गोष्टी ठाऊक असल्या की बैलजोडीची किंमत करता येते. वजन, अंतर आणि वेळ. इंग्लंडातल्या शास्त्रज्ञांनी पुढे जे केले त्यात चौथी गोष्ट नाही.

1702 साली टॉमस सेव्हरी नावाच्या इंग्रजाने खाणीतले पाणी उपसण्याच्या आपल्या वाफेच्या यंत्रावर एक पुस्तिका छापली. अमुक इतक्या घोड्यांचे काम हे यंत्र करते, अशा भाषेत त्याने त्यात गिऱ्हाइकाला समजावले होते. पण त्या घोड्यांना निश्चित माप नव्हते. ते आले जेम्स वॉटच्या हातून, आणि तेही विद्वत्तेच्या हौसेने नव्हे, पैशाच्या तगाद्यातून.

वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांचा धंदा मोठा चमत्कारिक होता. कॉर्नवॉलच्या खाणींना ते एंजिने देत, पण मोबदला घेत तो वाचलेल्या कोळशाचा. जुन्या न्यूकोमेनच्या एंजिनापेक्षा जेवढा कोळसा कमी जळेल, त्याच्या किमतीचा एकतृतीयांश हिस्सा दरसाल त्यांना द्यायचा, असा करार असे. एंजिनाने किती हेलकावे घेतले ते मोजण्यासाठी त्यांनी एक कुलूपबंद मोजपेटी बसवली होती. किल्ली अर्थातच खाणवाल्याकडे नसे! माणसाचा माणसावर विश्वास नसला की किती सुंदर यंत्रे जन्माला येतात, याचा हा एक मासला.

पुढे चाक फिरवणारी एंजिने निघाली आणि ती पिठाच्या, दारूच्या, कापडाच्या कारखान्यांत जाऊ लागली. तिथे आधीचे एंजिन नव्हतेच, होते घोडे. मग कोळशाची बचत कशाशी ताडायची? तेव्हा 1783 च्या सुमारास वॉटने घोड्याचाच हिशेब मांडला. गिरणीचा घोडा 24 फूट व्यासाच्या वर्तुळात तासाला 144 फेरे घेतो आणि 180 पौंडांच्या जोराने ओढतो, असे त्याने धरले. वाचकांपैकी कोणाची शाळकरी मुले घरी असतील त्यांना हे गणित घालावे: मिनिटाला साडेबत्तीस हजार फूट-पौंडांच्या थोडे वर उत्तर येते. वॉटने ते सरळ 33,000 केले. दिवसभर एवढे काम बहुतेक घोड्यांना झेपत नाही. पण त्यामुळे एक गोष्ट साधली: वॉटचा 'एक घोडा' खऱ्या घोड्याहून कमी भरला, अशी तक्रार गिऱ्हाइकाला करता येईना. दर घोड्यामागे वर्षाला पाच पौंड, लंडनमध्ये सहा, अशी आकारणी सुरू झाली.

म्हणजे अश्वशक्ती हे माप मुळात बढाईसाठी निघालेलेच नाही. देणारा आणि घेणारा यांच्यातला तंटा तुटावा म्हणून ते निघाले.

पण माप ठरले तरी मोजायचे कसे, हा प्रश्न उरलाच. वॉटच्या कारखान्याने सिलिंडराच्या आतला दाब कागदावर रेघेने उतरवणारे एक उपकरण काढले; गिरण्यांच्या वाफेच्या एंजिनांवर पुढे शंभर वर्षे ते चालले. मात्र ते सांगे ती आतली शक्ती. आतून निघालेल्या शक्तीतली काही घर्षणात जाते, काही पट्टे-दोरखंडांत जाते, आणि शेवटी मागाच्या वाट्याला जी येते ती वेगळीच. बाहेर येणारी शक्ती पकडण्याची युक्ती 1821 साली फ्रेंच इंजिनियर गास्पार द प्रोनी याने काढली. फिरत्या दांड्याला दोन लाकडी ठोकळ्यांनी आवळून धरायचे आणि ठोकळ्यांना एक लांब दांडी जोडायची. दांडा ठोकळ्यांना आपल्याबरोबर ओढू पाहतो. दांडीच्या टोकाला वजने टांगून त्याला अडवायचे. दांडीची लांबी, टांगलेले वजन आणि मिनिटाचे फेरे, की आला हिशेब. ठोकळे तापून धूर निघे, त्यांच्यावर पाणी ओतत राहावे लागे. ब्रेक लावून मोजली म्हणून ती 'ब्रेक हॉर्सपॉवर'. मोटारीच्या जाहिरातीत आजही ही दोन अक्षरे-शब्द फिरतात, पण त्यामागचा तो धुरकटलेला लाकडी ठोकळा कोणाला आठवत नाही.

मोठमोठ्या आगबोटींच्या एंजिनांना लाकूड पुरे पडेना, तेव्हा 1877 च्या सुमारास विल्यम फ्राउडने पाण्याचा ब्रेक योजला. नंतर विजेचे आले. मोटारींचा जमाना आल्यावर एंजिन बाहेर न काढता गाडीची चाकेच रुळांवर ठेवून फिरवायची सोय झाली. पुण्या-मुंबईच्या गॅरेजांतून आज जो डायनो दिसतो तो हाच. काही यंत्रांत नुसता एक जड लोखंडी रूळ असतो. त्याचे वजन ठाऊक असते. तो किती भराभर वेग घेतो त्यावरून संगणक शक्ती काढतो. अमुक पोत्यांची गाडी बैलांनी किती चटकन चालीला लावली, त्यावरून बैल जोखण्यासारखेच ते.

आता सोलापूरकरांनी जरा सावरून बसावे, कारण ही पद्मिनी एका अर्थी आपल्याच गावची लेक. वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, 1882 सालचा. रेल्वेच्या ठेकेदारीपासून सुरुवात करून हा गृहस्थ आगबोटी, विमाने आणि मोटारी यांच्यामागे लागला. हिंदुस्थानात मोटार तयार व्हावी हा ध्यास त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच घेतला होता. 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली, मुंबईला कुर्ल्यात कारखाना निघाला आणि 1947 मध्ये तिथून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. आधी अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार, मग इटलीच्या फियाटशी. 1953 साली वालचंद गेले. मागाहून आलेल्या फियाट 1100 ला आपल्या लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हणून लाडाने हाक मारलेली त्यांनी ऐकली नाही. याच घराण्यातली गाडी 1974 पासून पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली. मुंबईच्या रस्त्यावरची या जातीची शेवटची टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी मृत्युलेख लिहावे तसे लेख लिहिले. एंजिन 1089 सी.सी.चे, शक्ती कागदावर चाळिशीच्या घरात. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या विमानतळावर शर्यती होत, तेव्हा ही फियाट तिथे पुष्कळ पळाली आहे. तेव्हा आमच्या पोराची हौस अगदीच बेवारशी नव्हे.

पण कागदावरचे घोडे ही मोठी नाजूक चीज आहे. अमेरिकेत 1971 पर्यंत कंपन्या एंजिनाला पंखा, हवेची जाळी, नेहमीचा सायलेन्सर यांतले काही न लावता, ते उघडेबोडके मोजीत आणि तो आकडा जाहिरातीत घालीत. 1972 पासून एंजिन गाडीत जसे असते तसे, सगळा संसार पाठीवर घेऊन मोजायची पद्धत आली. कॅडिलॅक एल्डोराडोचे 8.2 लिटरचे अजस्र एंजिन 1970 साली 400 घोड्यांचे म्हणवीत असे. 1972 साली तेच 235 चे झाले. मधल्या काळात त्याचे कंप्रेशन उतरवले होते हे खरे, पण बाकीचे घोडे केवळ मोजणी बदलताच तबेल्यातून नाहीसे झाले! ते मुळात तिथे नव्हतेच.

आणि गिऱ्हाइकाने स्वतः मोजले तर? त्याचीही हकीकत आहे. 1999 साली फोर्डने मस्टँग कोब्रा ही गाडी 320 घोड्यांची म्हणून विकली. घेणाऱ्यांपैकी काहींनी ती रुळांवर चढवून पाहिली, आणि आकडा काही जुळेना. ओरड वाढली. शेवटी फोर्डने विक्री थांबवली, विकलेल्या गाड्या परत बोलावल्या आणि एंजिनात हवा नेणारे नळकांडे, सायलेन्सर वगैरे बदलून दिले. दोनच वर्षांनी जपानच्या माझदाला आपल्या एमएक्स-5 गाडीचा 155 चा आकडा 142 वर उतरवावा लागला, आणि ज्याला गाडी नको असेल त्याची परत विकत घेण्याची तयारी दाखवावी लागली. वॉटच्या कुलूपबंद पेटीची किल्ली दोनशे वर्षांनी गिऱ्हाइकाच्या हाती आली, ती अशी. आपल्याकडे पुण्याला 1966 साली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन स्थापन झाली. नव्या नमुन्याची गाडी बाजारात येण्याआधी अशा मान्य संस्थेत तिला परीक्षा द्यावी लागते, आणि एंजिनाची शक्ती हा त्या परीक्षेतला एक विषय असतो.

तिसऱ्या दिवशी मी अण्णांच्या लुमखान्यात गेलो. तेव्हा हे सगळे पुराण मी लावले नाही. एवढेच विचारले, "अण्णा, वीस काउंटचं सूत म्हणून व्यापाऱ्यानं बाचकं टाकलं, तर तुम्ही काय करता?"

"एकशेवीस वार रिळावर गुंडाळतो आन् काट्यावर टाकतो."

840 वारांची एक लडी, आणि एका पौंडात जितक्या लड्या बसतील तो सुताचा काउंट. त्या लडीचा सातवा हिस्सा म्हणजे हे 120 वार. आमच्या पेठेत हे मोजे-मापे लहान पोरालाही ठाऊक असते.

"मग वजन केल्यानं सूत बारीक होतं का?"

अण्णा हसले नाहीत. बराच वेळ त्यांनी एका बीमवर हात फिरवला आणि म्हणाले, "जायचं तर मी बी येतो."

एका रविवारी आम्ही पुण्याला गेलो. पद्मिनी टेम्पोत, आम्ही तिघे टेम्पोवाल्याशेजारी दाटीवाटीने. हवा गार होती हे आमचे भाग्य. कारण एंजिन जगते ते हवेवर, आणि तापलेली हवा विरळ असते. सोलापूरच्या मेमधल्या दुपारी, 42 अंशांवर, एंजिनाच्या पोटात जाणारी हवा डिसेंबरातल्या 15 अंशांच्या पहाटेपेक्षा शेकडा आठाहून अधिक हलकी असते. समुद्रसपाटीपासूनच्या आपल्या दीड हजार फूट उंचीने आणखी शेकडा पाच जाते. यंत्रावरचा संगणक उष्णता आणि दाब पाहून हिशेब दुरुस्त करतो खरा, पण दुरुस्ती ती दुरुस्तीच. एका गावच्या यंत्रावरचा आकडा दुसऱ्या गावच्या आकड्याशेजारी मांडून भांडणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात ठेवले तर बरीच वाफ वाचेल.

यंत्र चालवणारा मुलगा विशीतलाच, पण कामाचा पक्का. गाडी पट्ट्यांनी जखडताना त्याने पहिला प्रश्न विचारला: "बदल करायच्या आधीचा आकडा आहे का?"

नव्हता. तो काही बोलला नाही.

गाडी ओरडू लागली. अण्णांनी कानांवर हात ठेवले नाहीत. साऱ्या आयुष्यात त्यांनी ते ठेवलेले नाहीत. पडद्यावर रेघ चढत गेली, थबकली आणि खाली झुकली. 38.

पोराच्या तोंडाकडे मला पाहवेना. तो घाईघाईने म्हणू लागला की हे चाकावरचे आहे, गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शिअल यांत शेकडा पंधरा तरी जातात, तेवढे धरले तर... यंत्रवाल्याने त्याला मध्येच थांबवले. हे पंधरा सगळेच धरतात, म्हणाला, पण तुमच्या गाडीत बारा जातात की वीस, ते इथे कळत नाही. मग त्याने रेघेवर बोट ठेवले. मिनिटाला साडेचार हजार फेऱ्यांपर्यंत सारे ठीक होते. तिथून पुढे रेघ खचत होती. सायलेन्सरच्या तोंडात खुपसलेल्या नळीवरून दुसरी एक रेघ निघाली होती, आणि ती सांगत होती की नेमक्या त्याच जागी एंजिनाला पेट्रोल कमी पडते आहे. मोठा कार्बोरेटर हवा भरपूर ओढत होता, पण त्याच्या जेटचे छिद्र लहान होते.

"अशीच शर्यतीला नेली असती, तर दहा-पंधरा मिनिटांत पिस्टनला भोक पडलं असतं," तो म्हणाला. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की जाळ अधिक तापतो, अवेळी भडका उडतो, आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन ते फार वेळ सोसत नाही.

पोराच्या खिशात मोठ्या छिद्राचे दोन जेट होते. पहिला लावला: 42. दुसरा लावला आणि स्पार्कची वेळ दोन अंश मागे घेतली: 44. शिवाय रेघेचा मधला भाग, म्हणजे वळणातून बाहेर पडताना जी ओढ लागते तो, आधीपेक्षा भरला होता. माझ्या मते त्या दिवसाचे पैसे तिथेच फिटले. साठ आहेत की चव्वेचाळीस, यावर नव्हे. कारण तिन्ही वेळा गाडी तीच, यंत्र तेच, हवा तीच होती, आणि दरवेळी हात एकाच गोष्टीला किंवा फार तर दोन गोष्टींना लागला होता. नुसता एक आकडा घरी आणून भिंतीवर लावायचा असता तर अण्णांचेच म्हणणे खरे होते.

अण्णा इतका वेळ मागे उभे होते. ते पुढे आले आणि कागदावर वाकले.

"सकाळपेक्षा सहा जास्त?"

"हो."

"आन् दोन लुमं विकायच्या आधीपेक्षा?"

यावर कोणाजवळच उत्तर नव्हते. जुना कार्बोरेटर केव्हाच मोडीत गेला होता आणि घासलेले हेड काही परत वाढणार नव्हते. आठ महिने आणि दोन लुमे यांच्या बदल्यात गाडीत नेमके किती घोडे आले, की एखादा पळूनच गेला, हे आता देवालाही मोजता आले नसते. पोरगा पट्टे सोडू लागला. अण्णांनी खिशातून पैसे काढून मोजले, पुन्हा मोजले आणि त्या यंत्रवाल्याच्या हातावर ठेवले. परतीच्या वाटेवर भिगवणला आम्ही चहा घेतला. तिथे दोघे बापलेक गाडीविषयी नव्हे, तर उरलेल्या पाच लुमांच्या वीजबिलाविषयी बोलत होते, आणि बऱ्याच दिवसांनी भांडणावाचून.

यंदाच्या खंडेनवमीला मी गॅरेजात डोकावलो. पद्मिनीला माळ होती. जवळच फळीवर पुण्याचा तो कागद काचेत घालून ठेवलेला, त्यालाही हळदकुंकू. कागदाशेजारी लुमखान्यातली लाल बांधणीची हिशेबवही पडली होती. उघडून पाहिली. पेन्सिलीने आखलेल्या रकान्यांत कोणाकोणाच्या गाड्यांचे तपशील होते: तारीख, हवेची उष्णता, जेटचा नंबर, आधी, नंतर. अक्षर पोराचे, रेघा अण्णांच्या. पहिली ओळ पद्मिनीची होती, आणि तिच्यातला 'आधी'चा रकाना कोरा होता.